आठ शहरं, तेरा रात्री: पहिल्या युरोप दौऱ्याच्या आखणीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

कुटुंब चौघांचं. अडुसष्ट वर्षांच्या आजी, त्यांचा मुलगा, सून आणि पंधरा वर्षांची नात. युरोपात याआधी कुणीच गेलं नव्हतं. टूर कंपनीबरोबर न जाता सगळं स्वतःच आखायचं, हा निर्णय सुनेचा. आजींचे गुडघे दुखतात. रोज पहाटे बॅगा बाहेर ठेवायच्या, बसमधून चढ-उतार करायची आणि वीस मिनिटांत फोटो काढून परत बसमध्ये बसायचं, हा वेग त्यांना झेपणार नव्हता. हाताशी तेरा रात्री होत्या, एप्रिलच्या अगदी अखेरीपासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. या तारखा नातीच्या सुट्टीमुळे पक्क्या होत्या.

आखणीच्या बहुतेक टप्प्यांवर मी सल्ल्यासाठी सोबत होतो. कुटुंबाच्या संमतीनं हे लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण असं, की पहिल्यांदा जाणारी बहुतेक माणसं याच ठिकाणी अडतात आणि ती अडचण कागदावर सहज दिसत नाही.

पहिला आराखडा

सुनेनं तयार केलेला पहिला कागद असा होता: लंडन २ रात्री, पॅरिस २, ब्रुसेल्स १, ॲमस्टरडॅम २, इंटरलाकेन २, व्हेनिस १, फ्लॉरेन्स १, रोम २. एकूण तेरा. नकाशावर रेघ ओढली की ती साधारण वरून खाली उतरत होती, त्यामुळे कागद पाहून सगळे खूश होते.

मी त्यांना एकच गोष्ट करायला सांगितली: शहरं मोजू नका, ज्या दिवशी सामान हलवायचं नाही असे दिवस मोजा. तेरा रात्री म्हणजे पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून मधले बारा दिवस. आठ शहरं म्हणजे सात मुक्काम बदल. उरले पाच. ब्रुसेल्स, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स यांच्या वाट्याला एकही पूर्ण दिवस येत नव्हता आणि बाकीच्या पाचांना प्रत्येकी एक. लुव्र संग्रहालय आहे, आयफेल टॉवर आहे, नदीकाठ आहे, त्या पॅरिसला एक दिवस!

मुक्काम बदलण्याचा दिवस अर्धाच जातो असं सगळे धरतात. प्रत्यक्षात हॉटेलची खोली सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि पुढची दुपारी दोन-तीनच्या आधी सहसा मिळत नाही. ॲमस्टरडॅम ते पॅरिस युरोस्टार साधारण तीन तास वीस मिनिटं घेते, पण बॅगा भरणं, स्टेशन गाठणं, फलाट शोधणं, उतरून मेट्रो पकडणं, नवं हॉटेल सापडणं हे धरलं की सहा-सात तास जातात. इंटरलाकेन ते व्हेनिससारख्या, गाडी बदलून करायच्या प्रवासात तर दिवसच संपतो. ज्या धावपळीला नको म्हणून टूर कंपनी टाळली, त्याहून जास्त धावपळ या कागदावर होती.

लंडनचा प्रश्न वेगळाच होता. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांत चालणाऱ्या सामायिक व्हिसावर, ब्रिटनमध्ये जाता येत नाही. त्याला वेगळा अर्ज, वेगळं शुल्क आणि त्या काळात पासपोर्ट दुसऱ्या ठिकाणी अडकून राहणं. लंडन पहिल्याच बैठकीत गेलं आणि नात हिरमुसली.

काय ठेवायचं, हे कसं ठरलं

कोणतं शहर कापायचं असं विचारलं की घरात वाद होतो, कारण प्रत्येक शहराच्या बाजूनं कुणीतरी असतंच. म्हणून प्रश्न उलटा केला: प्रत्येकानं अशी एकच गोष्ट सांगायची, जी राहिली तर दौरा झाला असं वाटणार नाही.

आजी म्हणाल्या, “अगं, मला बर्फ हातात घ्यायचाय. बाकी तुम्ही न्याल तिथे येते.” नातीला ॲमस्टरडॅममधलं ॲन फ्रँकचं घर पाहायचं होतं, नाझींपासून लपून राहिलेल्या त्या मुलीची डायरी तिनं वाचली होती. मुलाला रोमचं कोलोसियम. सुनेला चित्रं, म्हणजे पॅरिस, आणि जमलं तर फ्लॉरेन्स.

उत्तरं मिळताच निम्मं काम झालं. ॲमस्टरडॅम, पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम राहणार हे स्पष्ट झालं. ब्रुसेल्स कुणाच्याच उत्तरात नव्हतं. व्हेनिसची हळहळ सगळ्यांना वाटली, पण तिथे चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन एका रात्रीसाठी तिथे जाणं म्हणजे आजींची परीक्षा पाहणं होतं. शिवाय वसंत आणि उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी फक्त दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून व्हेनिस २०२४ पासून प्रवेशशुल्क घेतं, त्यामुळे धावती भेट हाही सोपा पर्याय उरला नव्हता.

स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनऐवजी लुसर्न निवडलं, ते आजींकडे पाहून. इंटरलाकेनहून सगळे जातात ते युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे. लुसर्नहून एंगेलबर्गपर्यंत गाडीनं पाऊण तास आणि पुढे केबल कारनं टिटलिस शिखराचं वरचं स्थानक ३,०२० मीटरवर. तिथे हिमनदी असल्यानं मे महिन्यातही पायाखाली बर्फ असतो. चारशे मीटरचा फरक लहान वाटतो, पण रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसासाठी तो विचारात घ्यायलाच हवा. डॉक्टरांनी टिटलिसला होकार दिला. नकार आला असता तर १,७९८ मीटरचं रिगी हातात होतं. तिथे वरपर्यंत रेल्वे जाते, फक्त मे महिन्यात बर्फाची खात्री नसते.

दुसरा आराखडा असा झाला: पॅरिस ४, ॲमस्टरडॅम ३, लुसर्न ३, रोम ३. तीनच मुक्काम बदल, नऊ मोकळे दिवस. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं आणि याच आनंदात कुटुंबानं फ्रान्सच्या व्हिसाची अपॉइंटमेंट घेऊन टाकली.

क्रम बदलला आणि व्हिसाचा देशही बदलला

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हा आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

दुसऱ्या आराखड्यात तीन दोष निघाले. पॅरिस आधी ठेवल्यानं लुव्रचा दिवस १ मे रोजी येत होता आणि त्या दिवशी लुव्र बंद असतं. दुसरं, ॲमस्टरडॅमहून लुसर्नला जायचं म्हणजे आधी स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या बाझेलपर्यंत साधारण सात तास. त्याऐवजी पॅरिसहून बाझेल तीन तासांवर आणि पुढे लुसर्न तासाभरावर. म्हणजे ॲमस्टरडॅम आधी आणि पॅरिस नंतर घेतलं की दोन्ही दोष एकदम जात होते.

तिसरा दोष सुनेनंच काढला. फ्लॉरेन्स सोडून दिलं होतं, पण वेगवान गाडीनं ते रोमहून दीड तासावर आहे हे कळल्यावर तिनं विचारलं, “एक दिवस जाऊन येता येईल का?” रोमच्या तीन रात्रींत ते बसत नव्हतं, आणि त्याचं कारण सुट्टीचे वार. व्हॅटिकन संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्यातला शेवटचा रविवार अपवाद, पण त्या दिवशी प्रवेश फुकट म्हणून गर्दी अफाट. फ्लॉरेन्सचं उफिझी हे चित्रसंग्रहालय आणि मिकेलांजेलोचा डेव्हिड हा पुतळा जिथे आहे ती अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद. पॅरिसचं ओर्से संग्रहालय आणि जवळचा व्हर्सायचा राजवाडासुद्धा सोमवारी बंद, लुव्र मंगळवारी. शनिवारी रोमला पोहोचून मंगळवारी निघायचं, तर मधल्या रविवार-सोमवारात फ्लॉरेन्स, कोलोसियम आणि व्हॅटिकन तिन्ही मावत नव्हती. रोमला एक रात्र वाढवली की शनिवारी फ्लॉरेन्स, रविवारी कोलोसियम, सोमवारी व्हॅटिकन असं चोख बसत होतं. ती रात्र पॅरिसकडून घ्यायची ठरली.

इथे व्हिसाचा नियम आडवा आला. शेंगेन देशांपैकी ज्या देशात मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करायचा. पॅरिस ४ होतं तोवर तो देश फ्रान्स. पॅरिस ३ आणि रोम ४ झाल्याबरोबर तो देश इटली. अपॉइंटमेंट मात्र फ्रान्सची.

समोर चार वाटा होत्या. जुना आराखडा दाखवून फ्रान्सकडे अर्ज करायचा आणि प्रवास नव्या आराखड्यानं करायचा, असं मुलाच्या एका मित्रानं सुचवलं होतं. “सगळे असंच करतात,” असंही तो म्हणाला. याला मी स्पष्ट विरोध केला. अर्जात खोटी माहिती देणं चूक आहेच, शिवाय सीमेवरचा अधिकारी हॉटेलची आरक्षणं मागू शकतो, आणि आजींसोबत अशा प्रश्नांना तोंड देण्याची वेळ कुणावरच येऊ नये. दुसरी वाट म्हणजे फ्लॉरेन्स सोडून जुन्या आराखड्याकडे परतणं. तिसरी वरवर चतुर होती: ॲमस्टरडॅमची एक रात्र कमी करून पॅरिस ४ आणि रोम ४ करायचं. पण मुक्काम समान झाला की ज्या देशातून शेंगेन क्षेत्रात प्रवेश करणार त्याच्याकडे अर्ज जातो, म्हणजे नेदरलँड्सकडे. फ्रान्सची अपॉइंटमेंट तेव्हाही निरुपयोगीच ठरली असती. चौथी वाट फ्रान्सची अपॉइंटमेंट सोडून इटलीची घेणं.

चौथी घेतली, पण आधी दिवस मोजून. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत होतो, मात्र तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. आम्ही ४५च धरले, वर आठवडाभर हाताशी ठेवला आणि मागे मोजत गेलो. इटलीची अपॉइंटमेंट निघण्याच्या सुमारे आठ आठवडे आधीची मिळाली. पुरेशी होती, पण थोडक्यात. ती आणखी दोन आठवडे पुढची असती तर मी फ्लॉरेन्स सोडायला सांगितलं असतं.

अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा वैद्यकीय विमा लागतो. शुल्क प्रौढांना ९० युरो. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मं, पण नात पंधराची असल्यानं तिलाही पूर्ण.

कोणतं तिकीट कधी घ्यायचं

विमानाचा निर्णय सोपा होता. एकाच शहरातून ये-जा करणारं तिकीट स्वस्त दिसत होतं, पण मग शेवटी रोमहून मागे फिरावं लागणार. त्यात एक जादा विमान आणि दिवसाचा मोठा भाग जातो. ॲमस्टरडॅमला उतरायचं आणि रोमहून परत निघायचं असं मल्टी-सिटी तिकीट घ्यायचं ठरलं. व्हिसा येईपर्यंत विमानाचं फक्त आरक्षण आणि रद्द करता येतील अशीच हॉटेलं.

खरी पंचाईत पुढे होती. काही गोष्टींची तिकिटं व्हिसा हातात येण्याआधीच संपतात. ॲन फ्रँकच्या घराचं तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची विक्री खुली होते. कोलोसियमची तिकिटं ३० दिवस आधी उघडतात आणि त्यावर प्रत्येकाचं नाव असतं, ते पासपोर्टशी जुळावं लागतं. दुसरीकडे रेल्वेचे दर जितका उशीर कराल तितके चढतात.

सगळं आत्ताच घ्यावं असं मुलाला वाटत होतं, तर व्हिसा येईपर्यंत कशालाच हात लावू नये असं सुनेला. दोघांचंही अर्धं बरोबर होतं. आम्ही यादीतल्या प्रत्येक गोष्टीला दोन प्रश्न लावले: हे संपून जाईल का, आणि व्हिसा नाकारला तर यात किती पैसे बुडतील? संपण्याची भीती मोठी आणि रक्कम लहान असेल ते लगेच घ्यायचं. म्हणून ॲन फ्रँकचं तिकीट व्हिसा येण्याआधी काढलं. नात त्या मंगळवारी सकाळपासून लॅपटॉप उघडून बसली होती आणि दुपारची वेळ तिनंच मिळवली. रक्कम मोठी आणि उशिरानं फक्त महाग होईल ते व्हिसानंतर. त्यामुळे रेल्वेचे थोडे पैसे जास्त गेले. तो खर्च मी योग्यच मानतो.

रेल्वे पास घ्यावा का, याची चर्चा लांबली. युरेल पास भारतातून जाणाऱ्यांना घेता येतो आणि त्याचं आकर्षण मोठं आहे: वाटेल त्या गाडीत बसा. पण युरोस्टार, फ्रान्सच्या तेजेवे (TGV) आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना पासवरही वेगळं आसन आरक्षण लागतं, पैसे भरून. युरोस्टारमध्ये पासधारकांना मोजक्याच जागा मिळतात. या कुटुंबाचे लांब प्रवास तीनच, तारखा पक्क्या. पासची मोकळीक त्यांना वापरायचीच नव्हती. सुटी तिकिटं घेतली. रोज मनात येईल तिकडे जाणाऱ्या तरुणांसाठी हेच गणित उलट येईल.

एक दिवस मात्र मुद्दाम कशालाच बांधला नाही: टिटलिसचा. डोंगराचं तिकीट आधी घेतलं आणि वर ढग असले तर पैसे देऊन पांढरा पडदा पाहायचा. लुसर्नचे दोन पूर्ण दिवस होते, बुधवार आणि गुरुवार. ज्या सकाळी वरच्या वेबकॅममध्ये शिखर दिसेल त्या दिवशी जायचं, एवढंच ठरवलं.

हॉटेल निवडताना सुनेचा पहिला निकष लिफ्ट होता. ॲमस्टरडॅमच्या जुन्या घरांमधले जिने शिडीसारखे उभे असतात आणि कालव्याकाठची बरीच लहान हॉटेलं अशाच घरांत आहेत. फोटोत ती फार सुंदर दिसतात, म्हणून हा निकष आधी लावणं गरजेचं होतं.

प्रत्यक्षात काय घडलं

ॲमस्टरडॅमचा पहिला दिवस रिकामा ठेवला होता आणि चौघं तो झोपेत व कालव्याकाठी घालवून मोकळे झाले. ॲन फ्रँकच्या घरातले जिने अरुंद आणि चढणीचे. आजींना ते जमणार नाहीत हे आधीच माहीत होतं. त्या दुपारी सून आणि नात आत गेल्या, आजी आणि मुलगा कालव्याच्या बोटीत बसले. चौघांनी प्रत्येक ठिकाणी एकत्रच असलं पाहिजे हा हट्ट तिथे सुटला आणि पुढचा सगळा दौरा त्यामुळे हलका झाला. नात बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोलली नाही, असं सुनेनं सांगितलं.

पॅरिसला शनिवारी दुपारी पोहोचले. रविवारी ओर्से, सोमवारी सकाळी लुव्र. लुव्रमध्ये अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश फुकट आहे, पण वेळेचं आरक्षण त्यांच्याही नावानं करावं लागतं. ते केलं होतं. आत व्हीलचेअर विनामूल्य मिळते. आजी आधी नको म्हणाल्या, दुसऱ्या दालनानंतर स्वतःच म्हणाल्या, “आणा ती खुर्ची.” व्हर्साय राहिलं. रविवार ओर्सेला गेला आणि सोमवारी व्हर्साय बंद.

लुसर्नला उतरल्यावर तिघांच्या फोनचं इंटरनेट बंद पडलं. घेतलेलं ई-सिम युरोपियन युनियनमधल्या देशांपुरतं होतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे पण युनियनमध्ये नाही, त्यामुळे तिथे चलनही फ्रँक आणि रोमिंगचे नियमही वेगळे. नातीनं सगळी तिकिटं फोनमध्ये उतरवून ठेवली होती, म्हणून हॉटेलपर्यंत अडलं नाही. तिथल्या वायफायवर दुसरं ई-सिम घेतलं.

बुधवारी वेबकॅममध्ये नुसतं धुकं. त्या दिवशी तलावातली बोट आणि चौदाव्या शतकातला लाकडी कापेलब्र्युके. हा पूल १९९३च्या आगीत बराचसा जळाला होता आणि पुन्हा उभा केला गेला. गुरुवारी सकाळी शिखर लख्ख दिसलं आणि साडेआठला चौघं एंगेलबर्गच्या गाडीत होते. आजींनी बर्फ हातात घेतला. वर तासभरच थांबले. दम लागायच्या आत खाली यायचं हे डॉक्टरांचं सांगणं त्यांनी पाळलं.

संपाचा शुक्रवार

लुसर्न ते मिलान साधारण साडेतीन तास, मिलान ते रोम तीन तासांच्या वर. याच शुक्रवारी इटलीत रेल्वेचा संप जाहीर झाला. इटलीच्या १९९०च्या कायद्यानुसार अशा सेवांमधल्या संपाची सूचना किमान दहा दिवस आधी द्यावी लागते आणि परिवहन मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संपांची यादी असते. आम्ही ती यादी बघत होतो, म्हणून कुटुंब लुसर्नला पोहोचायच्या बरंच आधी कळलं.

पर्याय तीन. गुरुवारीच निघायचं, म्हणजे टिटलिसच्या दोन संधींपैकी एक जाणार. झुरिकहून रोमला विमान घ्यायचं, म्हणजे चार महागडी तिकिटं. किंवा संपातही हमखास चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांची जी यादी इटालियन रेल्वे देते, तिच्यात आपली गाडी आहे का ते पाहायचं. मिलान ते रोम तिकीट ज्या गाडीचं होतं ती यादीत नव्हती, तिच्यानंतरची होती. मुलानं तिकीट त्या गाडीवर बदलून घेतलं. त्यामुळे मिलानला थांबण्याचा वेळ सुमारे दोन तासांचा झाला, आणि तोच कामी आला: स्वित्झर्लंडहून निघालेली गाडी सीमेवर चाळीस मिनिटं रखडली. जुनं, घट्ट बसवलेलं कनेक्शन असतं तर ते चुकलं असतं. मिलानला मात्र जागा मिळेल तिथे बॅगांवर बसून वाट पाहावी लागली आणि आजींसाठी दौऱ्यातला हा सर्वांत कठीण दिवस ठरला.

रोममध्ये

शनिवारी सून आणि नात फ्लॉरेन्सला गेल्या. सकाळी डेव्हिड, दुपारी उफिझी, रात्री परत. आदल्या दिवशीच्या दमणुकीनंतर आजी आणि मुलगा व्हिला बोर्गेझेच्या बागेत बसून राहिले. रविवारी कोलोसियम. तिथे लिफ्ट आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याच तिकिटात शेजारचं फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकाचे अवशेष, येतं, पण तिथली वाट खडबडीत दगडांची, म्हणून आजी बाहेरच थांबल्या. सोमवारी व्हॅटिकन, सिस्टिन चॅपल मार्गाच्या शेवटी येतं, तोवर बरंच चालावं लागतं. इथेही व्हीलचेअर घेतली. मंगळवारी परतीचं विमान.

चौघांनी मागितलेल्या चारही गोष्टी मिळाल्या, फ्लॉरेन्ससकट. कुणी आजारी पडलं नाही. लंडन, ब्रुसेल्स, व्हेनिस आणि व्हर्साय पाहायचं राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं व्हिसाबद्दल. कोणत्या देशात किती रात्री, हे पक्कं होईपर्यंत अपॉइंटमेंट घेऊ नये. मुक्काम समान नसतील तर शहरांचा क्रम नंतर बदलला तरी चालतो, रात्रींची वाटणी बदलली तर सगळंच बदलतं. इथे आठ आठवडे मिळाले म्हणून निभावलं. गर्दीच्या काळात अपॉइंटमेंट महिनाभर मिळत नाहीत, तेव्हा हाच बदल दौरा बुडवू शकतो. त्यासाठी बंद असण्याच्या वारांचा तक्ता अगदी सुरुवातीला, शहरं ठरवतानाच मांडायला हवा. या कुटुंबानं तो दुसऱ्या आराखड्यानंतर मांडला आणि सगळी धावाधाव तिथून सुरू झाली.

दुसरं, लुसर्न ते रोम एका दिवसात हा प्रवास आजींसाठी जास्तच होता, संप नसता तरी. मिलानला एक रात्र घेतली असती तर मुक्काम बदल एक वाढला असता, पण सात तासांचे दोन तुकडे झाले असते. मुक्काम बदल कमी ठेवण्यावर मी जोर दिला होता आणि अजूनही देतो. तरी साठीच्या पुढच्या माणसासोबत एका दिवसात चार-पाच तासांच्या वर रेल्वे प्रवास नको, हा नियम त्याच्याही वर ठेवायला हवा.

तिसरं, ई-सिम घेताना देशांची यादी वाचणं. स्वित्झर्लंड वगळलेलं असणं हे फार वेळा घडतं.

पॅरिसच्या रात्रींबद्दल घरात अजून एकमत नाही. सुनेला वाटतं की ॲमस्टरडॅमची एक रात्र पॅरिसला दिली असती तर शनिवार सकाळपासून पॅरिस मिळालं असतं आणि ओर्से शनिवारी आटोपून रविवारी व्हर्साय झालं असतं. तसं केलं असतं तर पॅरिस ४ आणि रोम ४ अशी बरोबरी होऊन अर्ज नेदरलँड्सकडे गेला असता, पण सुरुवातीपासूनच तसं ठरवलं असतं तर त्यात काही अडचण नव्हती. मुलाचं म्हणणं, ॲमस्टरडॅमचा पहिला रिकामा दिवस काढून घेतला असता तर आजी तिसऱ्याच दिवशी थकल्या असत्या. मी मुलाच्या बाजूचा आहे. लांबच्या विमानप्रवासानंतरचा तो दिवस यादीत कोरा दिसतो, म्हणून सगळ्यांचा हात आधी त्याच्याकडे जातो.